ओलमेदो दुसरा येऊ दे

खेळ माणसाला देश, भाषा आणि धर्म यांच्या पलीकडे नेतो. आमच्या आंबेबोडीत तो माणसाला तलावाच्या पाळीपर्यंत नेतो, कारण मोबाइलचं नेटवर्क तिथंच येतं.

पाळीवर मातामायचं, म्हणजे आमच्या गावदेवीचं, ठाणं आहे आणि ठाण्याला लागून मोहाचं झाड. त्या झाडाच्या बुंध्याला पाठ टेकून, तोंड पोंभुर्ण्याच्या दिशेला करून बसलं की फोनवरचं चित्र अडकत नाही. मान वळवली की अडकतं. त्यामुळे आमच्याकडे मोटरसायकलच्या जागतिक शर्यती पाहणारी माणसं ध्यानाला बसल्यासारखी दिसतात. बाहेरगावचा एक पाहुणा तर त्यांना नमस्कार करून गेला होता.

या मंडळींचा मुख्य खुशाल. तो मच्छीमार सोसायटीचा सभासद. सकाळी तलावात जाळं टाकायचं, रोहू-मरळ काढायची, थर्माकोलच्या डब्यात भरायची, डबा आणि बायको मोटरसायकलवर बसवायची आणि बाजार गाठायचा, असा त्याचा दिवस. मासे विकायचं काम रंभाचं, कारण खुशालला भाव करता येत नाही. गिऱ्हाइकानं ‘कमी करा’ म्हटलं की तो कमी करतो. मी त्यांचा शेजारी. पोंभुर्ण्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो, म्हणून गावाबाहेरचं सगळं, विशेषतः स्पेन, मला माहीत असावं असा गावाचा समज आहे.

स्पेनचा संबंध असा, की खुशालचा माणूस तिथला. इनाकी ओलमेदो, जांभळ्या गाडीवरचा. खुशालनं त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो वळणावर घसरला, पाठीवर घसटत पार खडीत गेला, उठला, गाडी उचलली आणि सगळ्यांच्या मागून येऊन शर्यत पुरी केली. शेवटचा आला. खुशाल म्हणाला, “हा आपला माणूस होय.” लोक जिंकणाऱ्याच्या मागे जातात. खुशाल शेवटून पहिल्याच्या मागे गेला, आणि यात त्याला काही वेगळं वाटलं नाही.

शर्यती मार्चमध्ये सुरू होतात आणि नोव्हेंबरात संपतात. एक-दोन रविवार आड नवा देश. प्रत्येक शर्यतीचे गुण मिळतात, शेवटी ज्याचे जास्त तो चॅम्पियन. या वर्षीच्या मार्चमध्ये खुशालनं आपली गाडी जांभळी रंगवून घेतली. रंग थोडा कमी पडला, म्हणून मागच्या चाकावरचं पान काळंच राहिलं. फाट्याच्या वळणावर तो ओलमेदोसारखा गुडघा जमिनीकडे झुकवायला लागला, तेव्हा मागून रंभानं एवढंच सांगितलं, “मासोळी सांडली त गुडघा काय, तुले पुराच टेकवीन.”

पहिल्या शर्यतीला देवरावभाऊ मडावी येऊन बसले. देवरावभाऊ शंकरपटाचे पंच. धान निघालं की आमच्याकडे बैलजोड्या पळवतात, त्याला पट म्हणतात, जोडी हाकणाऱ्याला धुरकरी, आणि आंबेबोडीचा पट मातामायच्या समोरच्या वावरात भरतो. मधली काही वर्षं पटावर बंदी होती. त्या काळात देवरावभाऊ रोज संध्याकाळी त्या रिकाम्या वावराकडे तोंड करून बसायचे. बंदी उठली, पण बसायची सवय राहिली. असे बसलेले असतानाच खुशालच्या फोनचा आवाज त्यांच्या कानी गेला.

“जोडी कुठी आहे?” त्यांनी विचारलं.

“जोडी नाई राहत भाऊ यात. एकेकच गाडी.”

“एका बैलाचा पट?”

“हो.”

“मंग धुरकरी कुठी बसते?”

“गाडीवरच बसते.”

“म्हंजे बैलावर बसूनच बैल हाकते.” देवरावभाऊंनी बराच वेळ फोनकडे पाहिलं. “मंग त बैलच चांगला पाह्यजे.”

त्या दिवसापासून हा वाद सुरू झाला आणि वर्षभर चालला. देवरावभाऊंनी एकाही स्वाराचं नाव लक्षात ठेवलं नाही. पटात ज्या दोन गोष्टींचा पुकारा होतो त्याच त्यांनी धरल्या: जनावर आणि मालक. जांभळी वळणावर मागचा पाय टाकते, पिवळी सरळ दानीवर, म्हणजे पळायच्या पट्टीवर, सुटते, अशी त्यांची भाषा. खुशाल ओरडायचा, “वा रे ओलमेदो!” देवरावभाऊ शांतपणे म्हणायचे, “जांभळी चांगली निघाली. धुरकऱ्यानं काय केलं त्यात? बसला होता.”

“भाऊ, जिंकते तो माणूस!”

“कोणत्या पटात धुरकऱ्याले हार घातला बे? आजपर्यंत मातामायच्या समोर जोडीच आणली. शिंगाले गुलाल लावते. धुरकरी मांगं बिडी पीत राहते.”

हे खरं होतं. आंबेबोडीत जिंकलेल्या जोड्यांची नावं म्हाताऱ्यांना पाठ आहेत. हाकणारे कोण होते, हे त्यांच्या बायकांनाही नीट आठवत नाही.

एप्रिलमधल्या एका शर्यतीत ओलमेदो पडला. या वेळचं पडणं मागच्यासारखं नव्हतं. गाडीनं त्याला आधी वर फेकलं, मग सोडून दिलं. तो उठला नाही. माणसं धावली, पांढरा पडदा धरला, स्ट्रेचर आलं, आणि फोनवर टूथपेस्टची जाहिरात लागली.

खुशाल उठला. मान वळल्यामुळे चित्र गेलं, पण ते कोणाच्या ध्यानात आलं नाही. तो ठाण्यापाशी गेला, मातामायच्या दगडावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा बोलला, “माय, हा उठला पाह्यजे. उठला अन् या वर्षी चॅम्पियन झाला, त माही गाडी तुह्या नावानं सोडीन.”

ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे मोठा नवस असला की देवाच्या नावानं गोऱ्हा सोडतात. सोडलेला गोऱ्हा मग कोणाचा नसतो. त्याला कोणी जुंपत नाही, बांधत नाही, विकत नाही. तो मरेपर्यंत गावभर फिरतो. मोटरसायकल आपली आपण फिरत नाही, एवढा फरक सोडला तर बाकी विधी तोच. गाडी मोहाखाली उभी राहणार, तिला कोणी हात लावणार नाही, आणि दोन पावसाळ्यांत तिचं जे व्हायचं ते होणार.

रंभा त्याच वेळी तलावावरून घरी निघाली होती. तिनं शेवटचं वाक्य ऐकलं.

“कोणाची गाडी जी?”

“आपली.”

“कोणासाठी?”

“ओलमेदोसाठी.”

“तो कोण होय? सोसायटीतला होय का?”

रंभानं डोक्यावरची टोपली खाली ठेवली. आमच्याकडे बाई डोक्यावरचं ओझं खाली ठेवते तेव्हा बोलणं लांबणार असतं. पण ती जास्त बोलली नाही. म्हणाली, “मंग मासोळी काय आता पोहत जाईन बाजारात?”

प्रश्न रास्त होता. बसमध्ये मासे चालत नाहीत, हे आंबेबोडीत सर्वांना माहीत आहे. फार वर्षांपूर्वी एका कंडक्टरनं एका बाईची टोपली वासामुळे फाट्यावर उतरवून ठेवली होती, आणि तेव्हापासून पुन्हा कोणी विचारायला गेलं नाही. म्हणजे गाडी आहे तोवर पोंभुर्णा, गोंडपिपरी आणि मूल या गावांचे बाजार आहेत. बाजार आहेत तोवर घर आहे आणि सोनूचं कॉलेज आहे. सोनू म्हणजे त्यांची मुलगी. बी. एस्सी.ला आहे आणि शर्यतीचे गुण तीच सांगायची.

दगडावर हात ठेवून बोललेलं परत घेता येत नाही. तरी गावानं प्रयत्न केला. कोणीतरी सुचवलं, देवाला मातीचे घोडे वाहतात तशी कुंभाराकडून मातीची गाडी करून घे, भाजून दे, वाहून टाक. खुशालनं मान हलवली. “मी तोंडानं गाडी बोललो. मातीची बोललो असतो त मातीची देल्ली असती.” दुसऱ्यानं सुचवलं, गाडीचा नुसता आरसा वाहा. तिसऱ्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. सरांना विचारा, सर घटना शिकवतात. मी विचार करून सांगितलं की याबाबत दोन मतप्रवाह आहेत. कोणते, हे सुदैवानं कोणी विचारलं नाही.

खुशाल बुद्धीनं कसाही असो, पण शब्दाला पक्का. गिऱ्हाइकाला ‘उद्या मरळ आणतो’ म्हणाला आणि जाळ्यात मरळ आली नाही, तर दुसऱ्या गावच्या तलावावरून विकत आणून देईल. रंभाला हे माहीत होतं, म्हणूनच ती घाबरली. लबाड नवरा असता तर ती निवांत झोपली असती.

आता सगळा भार ओलमेदोवर होता. त्याचं गळ्याखालचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी पट्टी बसवली. तो दोन शर्यतींना आला नाही आणि आंबेबोडीत रंभाच्या घरी भातावर तूप पडलं. मग तो परत आला आणि मागं-मागंच राहिला. खुशालचं तोंड उतरलं, रंभा त्याच्याशी गोड बोलायला लागली. जूनमध्ये, रोवणीची तयारी चालली असताना, ओलमेदो जिंकला. पुढच्या शर्यतीत पुन्हा जिंकला.

त्यानंतरच्या रविवारी रंभा पाळीवर येऊन बसली. खुशालनं सरकून जागा दिली. तिनं आधी मातामायला हात जोडले आणि मग फोनकडे पाहिलं.

“काय मांगतलं?” खुशालनं विचारलं.

“तुले काय कराचं आहे?”

“तो पडो असं त नाई मांगतलं न?”

“मी काय चेटकीण होय? त्याले माय असन न घरी.” रंभा म्हणाली. “दुसरा येऊ दे म्हटलं. दुसराबी काही खराब नसते.”

दुसरा येऊ दे. पुढे पूर्ण पावसाळा तिनं एवढंच मागितलं. ओलमेदोला खरचटूही नये, त्याची गाडी बिघडू नये, त्यानं सन्मानानं यावं, फक्त कोणाच्या तरी मागून यावं. मी राज्यशास्त्रात इतकी संयमी मागणी पाहिलेली नाही.

यासाठी ओलमेदोच्या पुढे कोणीतरी जाणं भाग होतं. तो माणूस म्हणजे पिवळ्या गाडीवरचा इटलीचा तारकी. रंभा त्याच्याही बाजूनं पूर्ण झाली नाही. “त्याच्या घरीबी कोणी काही सोडाले बसलं असन,” ती म्हणायची. पण तारकी पुढे गेला की ती पदर तोंडाला लावायची आणि पदराआड काय चाललं आहे ते सर्वांना कळायचं.

खुशालची अवस्था याहून कठीण. ओलमेदो पुढे गेला की तो उडी मारायचा आणि खाली येईपर्यंत त्याला नवस आठवायचा. सप्टेंबरमध्ये एका रविवारी पाळीवर वाघ बसला होता. आमच्याकडे वाघ बसला की उठेपर्यंत थांबतात. शर्यतीच्या भाषेत याला लाल झेंडा म्हणतात, असं खुशालनंच सांगितलं. वाघ काही शर्यत संपेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी सोनूनं कॉलेजातून फोन करून सांगितलं, बाबा, ओलमेदो जिंकला. खुशाल जाळं हातात घेऊन उभा होता. तो म्हणाला, “वा.” मग गाडीजवळ गेला आणि तिची सीट फडक्यानं पुसायला लागला.

दिवाळी गेली. शेवटच्या शर्यतीला ओलमेदो गुणांत पहिला होता आणि तारकी अगदी त्याच्या मागे. सोनूनं गणित समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण ते ऐकायच्या स्थितीत घरात कोणी नव्हतं. खुशालनं ठरवलं होतं, की आपली तयारी आपण करायची, देवीला वाट पाहायला लावायची नाही. त्या रविवारी सकाळीच त्यानं गाडी तलावावर नेऊन धुतली. हेडलाइटला हळदकुंकू लावलं, हँडलला झेंडूचा हार घातला. आणि टाकीतलं पेट्रोल नळी लावून काढून घेतलं. देवीला गाडी कबूल केली होती, पेट्रोल नाही. शब्दाला पक्का माणूस दोन्ही बाजूंनी पक्का असतो. ते पेट्रोल त्यानं पुतण्याला दिलं आणि पुतण्या ते घेऊन जिवतीला सासुरवाडीला गेला.

मग गाडी ढकलत आणून ठाण्यासमोर उभी केली. रंभानं तिच्याकडे पाहिलं नाही. ती मोहाखाली बसली आणि सूर्य तलावात उतरेपर्यंत तशीच बसून राहिली.

संध्याकाळी अर्धं गाव पाळीवर होतं. धान कापणीवरून आलेली माणसं, विळे कमरेला तसेच. सर्वांची तोंडं पोंभुर्ण्याकडे. तोंडानं सगळे ओलमेदोच्या नावानं ओरडत होते, कारण खुशाल समोर होता. मनात सगळ्यांच्या रंभाचाच नवस होता, कारण रंभाच्या टोपलीतली मासोळी उधार मिळते.

शर्यत सुटली. तारकी पहिल्यापासून पुढे गेला. ओलमेदो चौथा, मग तिसरा, मग दुसरा.

“बस,” रंभा फोनला म्हणाली. “आता तिथीच राह्य.”

ओलमेदो तिथंच राहिला. वळणामागून वळण तारकीच्या मागच्या चाकाला चिकटून. एकदा त्यानं आतून घुसायचा प्रयत्न केला, तेव्हा खुशाल उभा राहिला आणि रंभानं त्याचा शर्ट धरून खाली बसवलं. शेवटची फेरी सुरू झाली. देवरावभाऊंनी फक्त एकदा म्हटलं, “पिवळी दमली नाई.” आणि खरंच, पिवळी पुढे निघून गेली. काळा-पांढरा झेंडा हलला. तारकी पहिला. ओलमेदो दुसरा.

“दुसरा आला!” रंभा उठली. “दुसरा आला जी! दुसरा आला!” तिनं शेजारणीला मिठी मारली, मग मातामायच्या दगडाला, मग चुकून देवरावभाऊंना. बायका हसायला लागल्या. कोणीतरी शिट्टी मारली.

सोनू आपल्या बापाकडे पाहत होती. “माय,” ती हळूच म्हणाली, “दुसरा आला तरी चॅम्पियन तोच झाला. त्याले दुसरं येणंच पुरे होतं. पॉइंट आधीचे जास्त होते न.”

फोनवर ओलमेदो गाडीवर उभा राहून रडत होता. खुशालही रडत होता. रंभा जिथं होती तिथंच खाली बसली. मातामायनं तिचं अगदी शब्दशः ऐकलं होतं.

खुशालनं डोळे पुसले, खिशातून गाडीची किल्ली काढली आणि ठाण्याकडे निघाला. त्याचा चेहरा एकाच वेळी लग्नाचा आणि मयतीचा होता. कोणी त्याला अडवलं नाही. नवसाच्या माणसाला अडवत नाहीत.

“हे पिवळे काऊन नाचून राह्यले?” देवरावभाऊंनी विचारलं.

ते अजून फोनकडेच पाहत होते. पडद्यावर जांभळ्या कपड्यांतले लोक नाचत होते, हे समजण्यासारखं होतं. पण पलीकडे पिवळ्या कपड्यांतले लोकही नाचत होते, आणि त्यांच्याकडेही एक भला मोठा कप होता.

सोनूनं वाचून सांगितलं. “त्याहिले कंपनीचा कप भेटला, आबा. धुरकऱ्याचा वेगळा राहते अन् कंपनीचा वेगळा. दर खेपेस कंपनीची जी गाडी सगळ्यांत समोर येते, तिचे पॉइंट मोजते. साऱ्या वर्षात पिवळ्या गाडीचे जास्त झाले. ओलमेदो पडला होता तवा जांभळीवर दुसरं कोणी बरं नव्हतं न.”

“म्हंजे गाडी कोणती जिंकली?”

“पिवळी.”

“खुशाल,” देवरावभाऊ म्हणाले, “थांब बे.”

खुशाल थांबला. देवरावभाऊ गुडघ्यावर हात देऊन उठले. पटात निर्णय द्यायचा असला की ते असेच उठतात.

“किल्ली खिशात ठेव. नवस लागला नाई.”

“भाऊ, तो चॅम्पियन झाला. फोनवर दिसून राह्यलं.”

“धुरकरी झाला. गाडी हरली. मातामायले इस्पेन काय माहीत? तिच्या समोर पटच पळले, तिच्या जन्मापासून. तिच्यापाशी जिंकलं म्हून जोडीच आणली सारी उमर, धुरकरी एकबी नाई आणला. तुह्या तोंडून तिनं जिंकणं आयकलं, त तिले बैलच समजला असन न. बैल पिवळा जिंकला. तू त्या पिवळ्यासाठी कवा हात ठेवला होता?”

खुशाल किल्लीकडे पाहत उभा राहिला. तलावात एक मासोळी उसळली.

“भाऊ,” तो म्हणाला, “माह्यावर दया आली म्हून म्हणून राह्यले का तुमी?”

“मी मार्चपासून हेच म्हणून राह्यलो. तवा कोणता नवस होता?”

हे मात्र सगळ्या पाळीला माहीत होतं. मार्चपासून तोच वाद, तेच वाक्य, दर रविवारी. तेव्हा नवसच नव्हता, म्हणजे ते वाक्य कोणाच्या सोयीसाठी केलेलं नव्हतं. वर्षभराचा हा वाद आपण हरलो, असं खुशालला आता वाटायला लागलं, आणि हरण्यात त्याला आयुष्यात पहिल्यांदा एवढं बरं वाटलं असावं.

तरी तो शब्दाचा पक्का. “पण उठला त,” तो म्हणाला. “मी उठला पाह्यजे असंबी म्हटलं होतं. उठला त उठला.”

देवरावभाऊंनी विचार केला. “उठला,” त्यांनी मान्य केलं. “उठल्याचा कोंबडा लागते.”

“एक?”

“हाडही एकच मोडलं होतं न?”

यावर पाळीवर जे हसू फुटलं, ते गेल्या एप्रिलपासून अडकलेलं होतं. बायका हसल्या, विळेवाले हसले, सोनू हसत हसत रडली. खुशालनं किल्ली खिशात ठेवली आणि खिशावर हात दाबून धरला. रंभा उठली, ठाण्यापाशी गेली, हँडलवरचा झेंडूचा हार काढला आणि मातामायच्या दगडावर घातला. मग गाडीच्या सीटवर हात ठेवून उभी राहिली. नवऱ्याला म्हणाली, “पुढच्या वर्षी कोण्या धुरकऱ्यासाठी हात ठेवला त तुलेच सोडीन मातामायच्या नावानं. फिरत राहजो गावभर.”

“चॅम्पियन झाला पण,” खुशाल म्हणाला.

“झाला,” रंभा म्हणाली. आणि पहिल्यांदाच फोनवरच्या त्या रडणाऱ्या माणसाकडे नीट पाहिलं. “वाळून गेला बिचारा. जेवत नाई वाटते.”

कोंबडा त्याच संध्याकाळी झाला. सरांनाही बोलावलं होतं. रस्सा चांगला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाळ्यात भरपूर रोहू लागली. डबा भरला, रंभा पदर खोचून मागं बसली, खुशालनं गाडीला किक मारली. मग आणखी मारली. मग त्याला पेट्रोल आठवलं. पुतण्या जिवतीला होता. आमच्या किराणा दुकानात बाटलीतलं पेट्रोल मिळतं, पण दुकानदार तेच आणायला पोंभुर्ण्याला गेला होता. मी स्कूटरवर कॉलेजला निघालो होतो, पण स्कूटर बॅटरीची, तिच्यात पेट्रोल नाही आणि तो डबा पेलायचा दमही नाही.

ऊन चढायला लागलं. डब्यातला बर्फ विरघळायला लागला. रंभानं नवऱ्याकडे पाहिलं, मातामायकडे पाहिलं, डबा डोक्यावर घेतला आणि फाट्याकडे चालायला लागली.

त्या दिवशी मासे बसनं गेले. कंडक्टर काही बोलला नाही.